आमच्या वतीने बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं?

मागच्या अंकात चंद्रा तलपदे मोहंतींच्या १९८४ च्या निबंधावर दोन पानं लिहिली होती. पाश्चात्त्य स्त्रीवादी अभ्यासक तिसऱ्या जगातल्या, म्हणजे आशिया-आफ्रिकेसारख्या गरीब देशांतल्या, बायकांबद्दल कसं लिहितात आणि त्यात काय चुकतं, यावरचा तो निबंध. मला वाटलेलं विषय जरा जड आहे, थोडेच लोक वाचतील. पण पत्रं आली, मेल आले, दोघींनी तर आठ-आठ मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवले जे मी दादर ते कल्याण उभ्याने ऐकले. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा पुरणार नाही म्हणून पाच निवडलेत. नाव छापू नका असं बहुतेकींनी सांगितलंय, म्हणून कुणाचंच छापत नाहीये.

प्रश्न: ताई, मी परळला राहते, एमएच्या पहिल्या वर्षाला आहे. गणपतीत आमच्याकडे हळदीकुंकू होतं आणि काकूला बोलावलं नाही कारण काका गेले. मी आवाज चढवला. त्यानंतर मावसभावाने तुमचा लेख दाखवला आणि म्हणाला, बघ, आता तुमच्याच विदुषी म्हणतायत की फेमिनिझम हे वेस्टर्न खूळ आहे, आपल्याकडे ते लागू होत नाही. मला पटकन काही सुचलंच नाही. मोहंती खरंच असं म्हणतात का?

उत्तर: नाही गं, अजिबात नाही. आणि तुझ्या मावसभावासारखं वाचणारे खूप जण आहेत म्हणून याचं उत्तर जरा लांब देते.

मोहंतींचा जन्म आपल्या मुंबईतलाच, पुढे अमेरिकेत शिकल्या, तिथेच शिकवलं. त्यांनी लंडनच्या एका प्रकाशनाची तिसऱ्या जगातल्या स्त्रियांवरची पुस्तकांची मालिका घेतली आणि नीट वाचली. त्यांना दिसलं काय, तर आफ्रिका असो, अरब देश असो, भारत असो, पुस्तकात बाई एकच. गरीब, अडाणी, धर्मभोळी, घरात कोंडलेली, कुणाच्या तरी हातून मार खाणारी. आणि हे लिहिणारी बाई मात्र न सांगता त्याच्या बरोब्बर उलटी, म्हणजे शिकलेली, स्वतंत्र, स्वतःच्या शरीराचे निर्णय स्वतः घेणारी. मोहंतींचं म्हणणं असं की तुम्ही आधीच ठरवून टाकलंत की या सगळ्या बिचाऱ्या आहेत आणि मग पुरावे गोळा करायला निघालात. बाई कुठल्या वर्गातली, कुठल्या गावातली, तिच्या हातात काय आहे, ती कशाशी कशी झगडते, हे बघायच्या आधीच तिचा निकाल लागलेला.

त्यांनी इराणचं उदाहरण दिलंय ते मला फार आवडतं. १९७९ च्या क्रांतीच्या वेळी तिथल्या मध्यमवर्गीय बायकांनी शहाच्या राजवटीविरुद्ध, कामगार वस्तीतल्या बायकांच्या सोबतीने उभं राहायचं म्हणून आपणहून चादर घेतली, म्हणजे तिकडचा डोक्यापासून पायापर्यंतचा बुरखा. पुढे नव्या सरकारने तीच चादर कायद्याने सक्तीची केली. कापड तेच, पण एकदा तो निषेध होता आणि एकदा जबरदस्ती, मग "बुरखा म्हणजे दडपण" एवढंच लिहून मोकळं कसं व्हायचं? आपल्याकडे डोक्यावरच्या पदराचं बघ ना. माझी आजी सासऱ्यांसमोर पदर घ्यायची तो वेगळा आणि मोर्चात उन्हाचा घ्यायची तो वेगळा.

आता महत्त्वाची गोष्ट. याच निबंधात मोहंती एका जर्मन बाईचं कौतुक करतात. मारिया मीस. त्यांनी आंध्रातल्या नरसापूरला जाऊन लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. त्या बायका रोज सहा-सहा, आठ-आठ तास विणायच्या, माल जगाच्या बाजारात जायचा, आणि तरी त्यांना म्हणायचे गृहिणी, आणि कामाला म्हणायचे फावल्या वेळेतलं काम. मीस यांनी जात, धंदा, दलाल, घर सगळं उलगडून दाखवलं, आणि त्या बायकांना आपल्या परिस्थितीबद्दल काय कळतं तेही लिहिलं. म्हणजे लिहिणारी गोरी आहे का काळी यावर मोहंतींचा आक्षेप नाहीचे, आक्षेप न बघता लिहिण्यावर आहे. परळ-लालबागच्या चाळींमध्ये बायका टिकल्यांच्या पाकिटांवर टिकल्या चिकटवतात, धागे कापतात, मणी ओवतात, त्यांना विचार काय करता, म्हणतील काही नाही, घरीच असते. हे मी स्वतः ऐकलंय.

आणि "वेस्टर्न" या शिक्क्याबद्दल. उमा नारायण म्हणून तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक आहेत, त्याही मुंबईत वाढलेल्या. १९९७ च्या पुस्तकात त्या लिहितात की मी एकही स्त्रीवादी पुस्तक वाचायच्या आधी घरात आईचं दुःख पाहिलं होतं, एकत्र कुटुंबात तिला काय सोसावं लागतं ते तिच्याच तोंडून ऐकलं होतं, आणि गंमत म्हणजे तीच आई पुढे म्हणते तू बाहेरचं शिकून आलीस. मुलीला बंड कुठून मिळालं, तर आईच्याच कुरकुरीतून. हे वाचताना मी पुस्तक मिटून बसले होते, कारण माझ्या आईचंही असंच होतं. ती १९७२-७३ मध्ये महागाईविरोधी मोर्चाला गेली होती, मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांच्या, हातात लाटणं आणि थाळी घेऊन. तिने कधी स्वतःला स्त्रीवादी म्हटलं नाही, तो शब्दच तिला ठाऊक नव्हता.

मावसभावाला एवढंच विचार की बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे कुठल्या विलायतेत शिकायला गेल्या होत्या? सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारल्याच्या आरोपावरून फाशी सुनावली गेली, पुढे ती कमी झाली, पण पेपरांत मात्र सगळ्या बायकांच्याच चारित्र्यावर तोंडसुख घेणं चाललं होतं. त्यावर चिडून ताराबाईंनी १८८२ मध्ये "स्त्रीपुरुषतुलना" लिहिलं. बायको मेली की तुम्ही दुसरी करता, मग नवरा मेला की बाईने अशुभ का व्हायचं, हा त्यांचा सवाल. म्हणजे तुझ्या काकूचाच की. तो मराठीत विचारून झालाय, १४० वर्षं झाली.

प्रश्न: मी गिरगावात राहते, वय ६८, शाळेतून रिटायर झाले. तुम्ही ओझरतं अभ्यासक गायत्री स्पिवाक यांचं नाव घेतलं होतं. मुलीने त्यांच्याबद्दल काहीतरी वाचून दाखवलं की तळागाळातली बाई बोलूच शकत नाही असं त्या म्हणतात. हे काही मला पटलं नाही. आमच्या दारावर येणाऱ्या कोळणीला कुणी गप्प करून दाखवावं. गरीब बायका मुक्या असतात असं कसं म्हणता?

उत्तर: बाई, तुमचा राग बरोबर आहे आणि गंमत अशी की खुद्द स्पिवाकनी नंतर, १९९९ च्या पुस्तकात, कबूल केलं की ते वाक्य तसं टाकायला नको होतं. मूळ निबंध १९८८ चा. पण त्यांना मुकेपणा म्हणायचा नव्हता. बोलणं पुरं कधी होतं, तर समोरच्याने ऐकल्यावर. तुमची कोळीण बोलते आणि तुम्ही ऐकता, भावावरून भांडता, म्हणजे तिथे बोलणं झालं. पण तीच कोळीण उद्या कोर्टात उभी राहिली किंवा सरकारी रिपोर्टात आली तर तिच्या तोंडचं काय उरतं, हा प्रश्न आहे.

त्यांनी एक खरी घटना दिलीय. १९२६, कलकत्ता, भुवनेश्वरी भादुरी नावाची सोळा-सतरा वर्षांची मुलगी गळफास घेते. ती क्रांतिकारकांच्या एका गटात होती, तिच्यावर एका हत्येची कामगिरी सोपवली होती आणि तिच्याच्याने ते झालं नाही. आपण मेल्यावर लोक काय म्हणणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, की पोरीचं पाऊल घसरलं असणार. म्हणून ती पाळी येईपर्यंत थांबली आणि पाळी चालू असताना तिने जीव दिला, का, तर गरोदर नव्हते हे माझं शरीरच सांगेल. मोठ्या बहिणीला चिठ्ठीसुद्धा लिहून ठेवली होती. आणि एवढं सगळं करूनही पुढे कितीतरी वर्षांनी घरातल्याच बायका काय सांगत होत्या, तर काहीतरी प्रेमाचं लफडं होतं. स्वतःच्या रक्ताने लिहिलेलं कुणी वाचलं नाही. मी हे वर्गात शिकवते तेव्हा दरवर्षी या जागी एक-दोन मुली डोळे पुसतात आणि मी पण थोडा वेळ फळ्याकडे तोंड करून उभी राहते.

तुम्ही गिरगावच्या, म्हणून तुम्हाला रखमाबाईंची आठवण करून देते. आपण शाळेत त्यांच्याबद्दल शिकलो ते एवढंच की पहिल्या काही महिला डॉक्टरांपैकी एक. पण त्यांचा खटला या सगळ्या चर्चेचा गाभा आहे असं मला वाटतं. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण सासरी नांदायला गेल्या नाहीत, आईकडे आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या. १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, मुंबई हायकोर्टात दावा टाकला की बायको मला परत द्या. आता हा दावा कुठला? हिंदू शास्त्रातला नाही, इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टातला, तिथून आपल्याकडे आणलेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हींनी हेच म्हणून दावा फेटाळला, की हे इंग्लंडातलं रोप आहे, या मातीत त्याला आधार नाही, आणि एका तरुण बाईला तिच्या इच्छेविरुद्ध एखाद्या माणसाच्या हवाली करणं बरोबर नाही. मग अपील झालं, निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरननी सांगितलं की महिन्याभरात नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या लंडनला डॉक्टरी शिकायला गेल्या.

आणि खुद्द इंग्लंडात काय चाललं होतं? १८८४ मध्येच, म्हणजे दावा दाखल झाला त्याच साली, तिथल्या पार्लमेंटने नवऱ्याकडे न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकायची शिक्षा काढून टाकली. तिथे काढली, इथे ठेवली. आणि आपल्या बाजूला टिळक वगैरे मंडळी म्हणत होती धर्म बुडाला. म्हणजे बघा, एकीकडे साहेबाचा कायदा आणि दुसरीकडे आपली परंपरा, दोन्ही मिळून एका मुलीला एकाच दाराकडे ढकलत होते. पाश्चात्त्य विरुद्ध भारतीय असं भांडण लावून ही गोष्ट समजणारच नाही, असं माझं ठाम मत आहे. बरं, हा कायदा संपला असंही नाही. इंग्लंडने १९७० मध्ये तो रद्द केला, आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजून आहे, १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने घटनाबाह्य ठरवला पण लगेच पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने परत उभा केला. आज कुणी बायकोवर कलम ९ ची नोटीस काढतो तेव्हा त्याला वाटतं आपण भारतीय संस्कृती राखतोय.

रखमाबाई बोलल्या का? बोलल्या, जोरात बोलल्या, टाइम्स ऑफ इंडियात "अ हिंदू लेडी" या नावाने पत्रं लिहिली, बालविवाहाने मुलीचं शिक्षण आणि आयुष्य कसं वाया जातं ते. पण नाव नाही घालता आलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका गोष्टीत आहे असं मला वाटतं.

प्रश्न: मॅडम, मी ठाण्याचा, इंजिनियर आहे. राग मानू नका पण एक सरळ प्रश्न, सती कुणी बंद केली? इंग्रजांनीच ना? मग त्यांना नावं का ठेवायची?

उत्तर: राग कशाला, प्रश्न सरळ आहे. ४ डिसेंबर १८२९, गव्हर्नर जनरल बेंटिंक. त्यासाठी राममोहन रॉय यांच्यासारख्यांनी आधी कितीतरी वर्षं घासली होती. सती बंद झाली हे चांगलंच झालं, मोहंती काय किंवा स्पिवाक काय, कुणीही त्याला नावं ठेवत नाही.

पण त्याच्या आधीचं बघा. १८१३ मध्ये कंपनी सरकारने पंडितांना विचारून नियम केला की बाई राजी असेल आणि शास्त्राला धरून असेल तर सती चालेल, सोळाच्या खालची, गरोदर, नशा दिलेली असेल तर नाही, आणि पोलिसांनी हजर राहून खात्री करायची. म्हणजे सोळा वर्षं सरकारच्या देखरेखीखाली चिता पेटत होत्या. अभ्यासक लता मणी यांनी ही सगळी कागदपत्रं वाचून दाखवलं की साहेब, पंडित, सुधारक सगळे भांडत होते शास्त्र काय म्हणतं यावर, आणि जळणाऱ्या बाईला काय वाटतं हे कुणाच्या वादात नव्हतंच. ती वादाचा विषय पण नव्हती, वाद ज्या जमिनीवर चालला होता ती जमीन होती.

आणि लॉर्ड क्रोमर यांचं ऐका. इजिप्तवर राज्य करताना सांगायचे की इथल्या बायकांचा बुरखा हेच या समाजाच्या मागासलेपणाचं कारण. तेच क्रोमर मायदेशी परतल्यावर बायकांना मत मिळू नये म्हणून काढलेल्या संघटनेचे अध्यक्ष झाले. अभ्यासक लैला अहमद यांनी हे लिहिलंय. तसंच पंडिता रमाबाई इंग्लंडातल्या चेल्टनहॅमला गेल्या, तिथे पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवायची वेळ आली तर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली, का, तर हिंदुस्थानात लोक काय म्हणतील. रमाबाईंना इथेही तेच ऐकावं लागलं होतं. त्यांनी अमेरिकेहून आल्यावर १८८९ मध्ये मराठीत तिथल्या समाजावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या बायकांच्या संस्थांचं मनापासून कौतुक आहे आणि मूळच्या लोकांवर, काळ्या लोकांवर केलेल्या अन्यायाबद्दल खडे बोलही आहेत. नेहमी ते आपल्यावर लिहितात, इथे आपल्या बाईने त्यांच्यावर लिहिलं, एवढ्यासाठी तरी ते वाचा.

प्रश्न: ताई, मी गोवंडीत एका संस्थेत काम करते, आमच्या वस्तीतल्या बायकांचे बचतगट आहेत. फंडिंग परदेशातून येतं. गेल्या वर्षी पाहुणे आले, सोबत फोटोग्राफर. आमच्या एका ताईने नवी साडी नेसली, गजरा घातला, गटाचा हिशेब पाठ करून आली. फोटोग्राफर म्हणाला हसू नका, आणि तिला कचऱ्याच्या ढिगाजवळ उभं केलं. रिपोर्टमध्ये तिच्या फोटोखाली लिहिलं की ही नवऱ्याच्या आणि धर्माच्या दडपणाखाली जगते. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी वारला. तिने मला विचारलं की माझ्याबद्दल असं का लिहिलं, मी गप्प बसले, कारण पुढच्या वर्षीचे पैसे त्याच रिपोर्टवर येणार होते. मी काय करायला हवं होतं?

उत्तर: तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बाकीच्यांना मी पुस्तकातलं सांगितलं, तू तर ते पुस्तक जगतेयस.

हा फोटो नवीन नाहीये. १९२७ मध्ये कॅथरिन मेयो नावाच्या अमेरिकन पत्रकार बाईने भारतातल्या बायकांच्या हालांवर एक पुस्तक लिहिलं, बाळंतपणं, बालविवाह, सुईणी, त्यातल्या कितीतरी गोष्टी खऱ्याच होत्या, पण त्यातून निष्कर्ष काय काढला तर हे लोक स्वराज्याला लायक नाहीत. देशभर संताप उसळला. आणि तेव्हा आपल्या महिला संघटनांनी काय केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी मेयोलाही झापलं, आणि आपल्याकडच्या "आमच्याकडे सगळं छान आहे" म्हणणाऱ्यांनाही सोडलं नाही, म्हणाल्या एवढा अभिमान दुखावला ना, मग बालविवाहाचा कायदा करा. १९२९ ला शारदा कायदा आला. दोन्हीकडे एकदम तोंड देणं त्यांना जमलं.

२००१ मध्ये पण हेच. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी नोव्हेंबरमध्ये रेडिओवर सांगितलं की अफगाणिस्तानातली लढाई ही तिथल्या बायकांच्या हक्कांचीही लढाई आहे. त्यावर अभ्यासक लीला अबू-लुघोद यांनी २००२ मध्ये लेख लिहिला, की मुसलमान बायकांना खरंच कुणी वाचवायला हवंय का. त्यांचं एक म्हणणं मनात ठेवण्यासारखं आहे, वाचवणारा माणूस कशापासून वाचवतो ते सांगतो, पण कुठे नेणार ते सांगत नाही, आणि वाचवताना स्वतःला वरच्या पायरीवर ठेवतो. तुझ्या ताईला विचार तिला काय हवंय. मी गोवंडीत ज्या थोड्या बायकांशी बोललेय त्या पाण्याबद्दल बोलतात, रेशनकार्डातल्या नावाबद्दल बोलतात, देवनारच्या कचराडेपोच्या धुराने पोरांना होणाऱ्या खोकल्याबद्दल बोलतात, संडासबद्दल बोलतात. बायकांच्या मुतारीसाठी फुकट आणि पुरेशी सोय हवी म्हणून २०११ मध्ये मुंबईत जी मोहीम उभी राहिली, राइट टू पी, ती कुठल्या थिअरीतून नाही आली, दिवसभर घराबाहेर राबणाऱ्या बायकांच्या पोटदुखीतून आली. पण असा फोटो काढायला कुणी येत नाही, कारण त्यात दोषी नवरा किंवा मौलवी नसतो, दोषी महापालिका असते.

काय करायला हवं होतं विचारतेस, तर गप्प बसलीस म्हणून स्वतःला खाऊ नकोस, पगार आणि वस्तीचं काम दोन्ही त्या कागदाला बांधलेलं होतं. पण आता करता येईल असं आहे. एक म्हणजे त्या ताईला रिपोर्टचं पान मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखव, पूर्ण, आणि तिला काय बदलायचंय ते तिच्या शब्दात लिहून घे, ते परदेशी ऑफिसला पाठव, तिचा नवरा हयात नाही ही तर साधी चूक आहे, ती दुरुस्त करा म्हणण्यात कुणाचा अपमान होत नाही. दुसरं, पुढच्या वेळी फोटोच्या आधी संमतीचा कागद वाचून दाखवायचा आणि खाली काय लिहिणार तेही सांगायचं, हा तुमच्या संस्थेचा नियमच करून टाका, गटातल्या बायकांच्या मीटिंगमध्ये ठराव करून, म्हणजे तुझ्या एकटीच्या डोक्यावर येणार नाही. आणि गजरा घातलेला, हसतानाचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असेलच कुणाच्या तरी. तो लावा ऑफिसात. मोठा करून.

प्रश्न: मी विक्रोळीची. तुमचा लेख वाचला. मोहंती, स्पिवाक, नारायण, सगळ्या अमेरिकेत प्रोफेसर, इंग्रजीत लिहिणाऱ्या. त्या गोऱ्या बायकांना म्हणतात आमच्या वतीने बोलू नका. ठीक आहे. पण "आमच्या" म्हणजे कोण? माझी आई मुलुंडला एका घरी २२ वर्षं कामाला होती. त्या घरातल्या बाई ८ मार्चला भाषणं द्यायला जायच्या आणि त्या दिवशी आईला रात्री आठपर्यंत थांबावं लागायचं. आम्ही बौद्ध आहोत, आईचा कप त्या घरात शेवटपर्यंत वेगळा होता. तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि जात हा शब्द एकदाही नाही. तो का नाही?

उत्तर: तुमचं म्हणणं खरं आहे. मागचा लेख काढून बघितला, खरंच नाहीये. कारण शोधत बसले तर सबबी होतील. मी सवर्ण घरात वाढले, मला तो शब्द न वापरता दोन पानं लिहिता आली, हेच उत्तर आहे. माफी मागते.

तुमच्या आईचं जे सांगितलंत ते अमेरिकेत बेल हुक्स या काळ्या लेखिकेने १९८४ मध्ये लिहून ठेवलंय, मोहंतींचा निबंध आला त्याच साली. बेटी फ्रीडनच्या १९६३ च्या गाजलेल्या पुस्तकात गृहिणीच्या घुसमटीबद्दल आहे, घराबाहेर पडून करिअर करा असा सूर, त्यावर हुक्स विचारतात की ही बाई बाहेर पडली की तिची मुलं आणि घर सांभाळायला कोण येणार हे लेखिकेने सांगितलंच नाही. येणार होती काळी बाई. मुंबईत कोण येतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. २००८ मध्ये राज्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण माझ्याच बिल्डिंगमध्ये कामवाल्या मावशींना वेगळ्या लिफ्टने पाठवतात, आणि त्या लिफ्टवर सोसायटीच्या मीटिंगमध्ये आम्ही बोलायला लागलो ते मागच्या दोन वर्षांत.

तुमचा प्रश्न इथे आधीच विचारला गेलाय. अभ्यासक गोपाळ गुरूंनी १९९५ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत लिहिलं की दलित स्त्रिया वेगळं बोलतात, सवर्ण स्त्रीवाद्यांपेक्षा पण आणि दलित पुरुषांपेक्षा पण. १९९८ मध्ये पुण्याच्या अभ्यासक शर्मिला रेगे यांनी त्याच्या पुढे जाऊन म्हटलं की नुसतं "त्या वेगळ्या आहेत" म्हणून भागणार नाही, तसं म्हटलं की बाकीच्यांना जुनंच चालू ठेवायला मोकळीक मिळते. सत्तरीच्या दशकापासून आपल्याकडे काय झालं त्याचं त्यांनी वर्णन केलंय, बाई म्हटलं की सवर्ण बाई आणि दलित म्हटलं की दलित पुरुष. मधली बाई दोन्ही यादीतून गळली. रेगे स्वतः सवर्ण होत्या आणि अभ्यासक्रम, वाचन, शिकवणं सगळं बदलायची जबाबदारी त्यांनी सवर्ण स्त्रीवाद्यांवर टाकली, दलित बायकांवर ढकलली नाही. २०१३ मध्ये त्या गेल्या, फार लवकर. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी तर १९८९ मध्येच आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गावोगावी, वस्त्यावस्त्यांत शोधून, त्यांच्याशी बोलून "आम्हीही इतिहास घडवला" लिहिलं, आणि ते मराठीत आहे. म्हणजे मी अमेरिकेला जायच्या आधी तिथे जायला हवं होतं.

एक गोष्ट अशी की ज्यात पोस्टकलोनियल विचारच, म्हणजे साहेबाच्या राज्याचे परिणाम तपासणारा विचार, अपुरा पडतो असं मला आता वाटायला लागलंय. इंग्रजी राज्य म्हणजे फक्त नुकसान अशी गोष्ट सांगितली की सावित्रीबाईंचं काय करायचं? १८५४ च्या त्यांच्या कवितासंग्रहात इंग्रजीला माऊली म्हटलंय. त्या भोळ्या नव्हत्या, त्यांना दिसत होतं की आधीच्या राज्यात शूद्रांना आणि अतिशूद्रांना शाळेची पायरी नव्हती. गुलामी एका साहेबाची नव्हती, थरावर थर होते, आणि सगळ्यात खालच्या थरातून वर बघणाऱ्याला वरचा साहेब वेगळा दिसतो.

आणि मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी, १८५५ मध्ये तिचा निबंध ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची. त्यात ती बाळंतपणाचं लिहिते, की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घराला छप्परसुद्धा नसतं, पावसाने आणि थंडीने त्यांचे काय हाल होत असतील ते स्वतःच्या अनुभवावरून ओळखा. वाचणाऱ्या बाईलाही बाळंतपणाच्या कळा ठाऊक आहेत, पण तिच्या डोक्यावर छप्पर आहे. मोहंतींच्या १२९ वर्षं आधी, पुण्यात, मराठीत.

तुमचं पत्र साडेतीन पानांचं आहे आणि मी इथे त्यातलं सहा-सात ओळींचं छापलंय, म्हणजे पुन्हा मीच कापलं. पूर्ण पत्र संपादकांकडे दिलंय, पुढच्या अंकात एक शब्द न बदलता, तुमच्या नावाने किंवा नावाशिवाय, जसं सांगाल तसं. आईचा कप वेगळा होता त्याबद्दल छापायला त्यांची परवानगी आहे का तेवढं त्यांना विचारून १५ तारखेच्या आत कळवा.